यीस्टला अल्कोहोल नकोच असते : वाचकांच्या किण्वनविषयक प्रश्नांना उत्तरे

मागच्या अंकात आम्ही सूक्ष्मजीव आणि किण्वन या विषयावर प्रश्न मागवले होते. पत्रे भरपूर आली. त्यांतली ज्यांची उत्तरे इतरांनाही उपयोगी पडतील अशी निवडली आहेत. माझे नोकरीचे सगळे आयुष्य फर्मेंटरच्या, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवायच्या टाकीच्या, प्लॅटफॉर्मवर गेले, त्यामुळे पुस्तकाचा क्रम सोडून तिथून जसे दिसते तसे सांगते.

यीस्ट साखरेपासून अल्कोहोल तयार करते असे पुस्तकात दिले आहे. पण ते असे का करते? त्यात त्याचा काय फायदा? (अकरावीची विद्यार्थिनी)

आलेल्या पत्रांत मला सर्वांत आवडलेला प्रश्न तुझा. पुस्तके 'काय होते' ते सांगतात आणि 'का' हे विचारायचे राहूनच जाते.

यीस्टला अल्कोहोल नकोच असते. त्याला हवी असते ऊर्जा. ग्लुकोजचा एक रेणू फोडून पायरुव्हेटचे दोन रेणू केले की पेशीच्या पदरात एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या नाण्याचे, दोन रेणू पडतात. पण या फोडाफोडीत साखरेतला हायड्रोजन सुटतो आणि तो एनएडी नावाच्या वाहकावर चढतो. पेशीत एनएडी असतो अगदी थोडा. सगळे वाहक भरले की साखर फोडण्याचे कामच अडते. प्राणवायू असेल तर हायड्रोजन त्याच्या हवाली करता येतो, त्याचे पाणी होते आणि वाटेत आणखी पुष्कळ ऊर्जा मिळते. एका ग्लुकोजमागे एकूण तीसच्या आसपास एटीपी. प्राणवायू नसेल तर हायड्रोजन कुठे तरी टाकलाच पाहिजे. मग यीस्ट पायरुव्हेटमधून कार्बन डायऑक्साइड काढून टाकते, उरलेल्या ॲसिटाल्डिहाइडवर हायड्रोजन ढकलते आणि वाहक मोकळा करून घेते. ॲसिटाल्डिहाइडचे झाले अल्कोहोल. लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू तोच हायड्रोजन थेट पायरुव्हेटवर टाकतात, एवढाच फरक.

म्हणजे अल्कोहोल हा यीस्टच्या दृष्टीने टाकाऊ माल, आणि तोही घातक. टाकीत तो बारा-पंधरा टक्क्यांवर गेला की बहुतेक यीस्ट त्यातच मरते.

याचा पुरावा हवा असेल तर पहिल्या महायुद्धात जर्मनीने काय केले ते बघ. स्फोटकांसाठी ग्लिसरीन हवे होते आणि त्यासाठी लागणाऱ्या चरबीचा तुटवडा होता. तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी यीस्टच्या टाकीत सल्फाइट घातले. सल्फाइट ॲसिटाल्डिहाइडला पकडून ठेवते. हायड्रोजन टाकायची नेहमीची जागाच बंद झाल्यावर यीस्टने तो दुसऱ्या एका रेणूवर टाकला आणि ग्लिसरीन बनू लागले. यीस्ट तेच, साखर तीच. फक्त एक दार बंद केले. औद्योगिक किण्वनाचे सगळे कसब मला या एका उदाहरणात दिसते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेव. पाश्चर यांनी १८६० च्या सुमारास दाखवून दिले होते की हवा मिळाली की यीस्ट तेवढ्याच साखरेवर कितीतरी जास्त वाढते. बेकरीचे यीस्ट बनवणारे कारखाने हेच वापरतात. मळीतली साखर आणि भरपूर हवा दिली तर एक किलो साखरेमागे अर्धा किलोच्या आसपास कोरडे यीस्ट मिळते. हवा नसेल तर त्याच्या पाचव्या हिश्शाइतकेही नाही. पण इथे एक खोच आहे. साखर एकदम ओतली तर भरपूर हवा असूनही यीस्ट अल्कोहोल करू लागते. म्हणून हे कारखाने मळी थेंबाथेंबाने, यीस्टच्या वाढीच्या मापाने सोडतात. या पद्धतीला फेड-बॅच म्हणतात, आणि आज औषधांपासून विकरांपर्यंत बहुतेक मोठी किण्वने याच पद्धतीने चालतात.

किण्वन प्राणवायूशिवाय होते असे आम्ही शिकवतो. मग पेनिसिलीनच्या टाकीत रात्रंदिवस हवा का सोडतात? (विज्ञान शिक्षक)

वर्गात तुम्ही शिकवता ते जीवरसायनशास्त्राच्या दृष्टीने बरोबरच आहे. कारखान्यात मात्र सूक्ष्मजीव वाढवून त्यांच्याकडून काहीही बनवून घेतले तरी त्याला फर्मेंटेशनच म्हणतात. आज कारखान्यांत होणारी बरीच फर्मेंटेशने हवेवर चालतात. व्हिनेगरचे जिवाणू तर अल्कोहोलचे ॲसिटिक आम्ल करायला प्राणवायूच वापरतात. विद्यार्थ्यांना हे दोन्ही अर्थ सांगून टाका, पुढचा गोंधळ वाचेल.

पेनिसिलीनचे म्हणाल तर हवेचा प्रश्न सोडवायलाच बरीच वर्षे गेली. फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये बुरशीचा परिणाम दिसला. फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी १९३९ पासून ऑक्सफर्डमध्ये तिचे औषध केले. पण बुरशी उथळ भांड्यांत द्रवावर सायीसारखी पसरून वाढत असे. तिला हवा हवी आणि हवा होती फक्त वरच्या पृष्ठभागावर. त्यांनी हॉस्पिटलातली बेडपॅनसुद्धा वापरली. एका रुग्णापुरते औषध जमवायला अशी कितीतरी भांडी लागत.

पुढचे काम अमेरिकेत पिओरिया इथल्या सरकारी प्रयोगशाळेत झाले. स्टार्च काढताना मका भिजवलेले पाणी उरते, ते पोषण म्हणून घातल्यावर उत्पादन एकदम वाढले. तिथेच १९४३ मध्ये एका खरबुजावरची बुरशी मिळाली, ती मूळ वाणापेक्षा खूपच सरस निघाली. आणि १९४४ मध्ये फायझरने ब्रुकलिनमध्ये खोल टाक्यांत उत्पादन सुरू केले. बुरशी द्रवात बुडालेली, तळातून निर्जंतुक हवेचे बुडबुडे आणि मध्ये फिरणारे पाते. आजचा फर्मेंटर मुळात तोच आहे. फ्लेमिंग यांच्या बुरशीतून एका मिलिलिटरमागे एक-दोन युनिटच पेनिसिलीन मिळे. निवड आणि उत्परिवर्तन करत करत आलेले आजचे वाण पन्नास हजार युनिटांच्या पुढे जातात.

शीतपेयांवर आणि जॅमच्या बाटल्यांवर सायट्रिक ॲसिड लिहिलेले असते. ते लिंबाचे असते का? (गृहिणी)

नाही. कधी काळी असे. शेले यांनी १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून ते वेगळे केले, आणि पुढे शतकभराहून अधिक काळ इटलीतल्या लिंबांवर हा धंदा चालला. जेम्स करी यांनी १९१७ मध्ये दाखवले की अॅस्परजिलस नायजर ही काळी बुरशी साखरेपासून भरपूर सायट्रिक आम्ल देते. १९१९ मध्ये फायझरने त्याचे उत्पादन सुरू केले. आज जगात दरवर्षी वीस लाख टनांहून अधिक सायट्रिक आम्ल बनते ते जवळजवळ सगळे याच बुरशीचे.

मात्र ही बुरशी मनासारखी वाढू दिली तर सायट्रिक आम्ल जवळपास देतच नाही. तिच्या पेशीत ते बनते आणि लगेच पुढच्या कामाला वापरले जाते. ते बाहेर सांडायला हवे असेल तर तिची कोंडी करावी लागते. साखर खूप द्यायची, १५ टक्के किंवा त्याहूनही जास्त. हवा भरपूर. आम्लता इतकी की सामू ३ च्या खाली, म्हणजे ऑक्झॅलिक आणि ग्लुकॉनिक ही नको असलेली आम्ले बनत नाहीत आणि इतर जंतूही टिकत नाहीत. आणि सर्वांत नाजूक भाग मँगनीजचा. तो जवळजवळ शून्यावर ठेवावा लागतो. अब्जात काही भाग एवढे मँगनीज राहिले तरी उत्पादन पडते. मळी वापरायची तर तिच्यात धातू असतातच, म्हणून पोटॅशियम फेरोसायनाइड घालून ते आधी काढून टाकतात.

नमुना काचपट्टीवर घेतला की सगळे कळते. मँगनीज नसताना बुरशीचे तंतू आखूड आणि फुगलेले असतात आणि त्यांच्या अर्ध्या-एक मिलिमीटरच्या घट्ट गोळ्या झालेल्या असतात. टाकीतला द्रव पातळ राहतो, हवा नीट फिरते. लांबसडक तंतू दिसू लागले, द्रव दाट झाला, की समजायचे, धातू शिरला. नमुन्यातले आम्ल मोजायच्या आधी तंतूच सांगतात.

ग्लुटामिक आम्लाचीही तीच तऱ्हा. १९५६ मध्ये जपानमध्ये किनोशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कॉरिनेबॅक्टेरियम ग्लुटॅमिकम हा जिवाणू सापडला. त्याला बायोटिन हे जीवनसत्त्व कमी पडले की त्याच्या पेशीचे आवरण बदलते आणि ग्लुटामेट बाहेर झिरपू लागते. पोटभर बायोटिन दिले तर जिवाणू छान वाढतो आणि हाताला काही लागत नाही. पेनिसिलीनची बुरशीसुद्धा भरपूर ग्लुकोजवर नुसतीच वाढते. साखर जपून, हळूहळू दिली तरच औषध बनवते. म्हणून फर्मेंटेशनमध्ये नव्याने आलेल्या मुलांना मी पहिल्यांदा हेच विचारत असे : या टाकीतल्या जिवाला नेमके काय कमी दिले आहे?

आमच्या प्रयोगशाळेत फ्लास्कमध्ये उत्तम उत्पादन मिळाले. त्याच कृतीने मोठ्या टाकीत निम्मेही मिळाले नाही. कृती तीच असताना असे का? (संशोधक विद्यार्थी)

कृती तीच राहिली, पण जिवाणूच्या भोवतीची परिस्थिती तीच राहिली नाही. तीन गोष्टी तपासा.

पहिली हवा. तीस अंशांच्या पाण्यात हवेतला प्राणवायू विरघळतो तो लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. टाकीत जिवाणूंची दाटी झाली की हा सगळा साठा दहा सेकंदांच्या आत संपतो. म्हणजे तुम्हाला प्राणवायू साठवून ठेवता येतच नाही. तो जसा वापरला जाईल तसा क्षणाक्षणाला विरघळवत राहावा लागतो. स्पार्जरमधून, म्हणजे तळाच्या भोकांच्या नळीतून, बारीक बुडबुडे आणि इंपेलरने, म्हणजे फिरत्या पात्याने, त्यांची आणखी चिरफाड, हे सगळे त्यासाठीच. हवेचा व्हॉल्व्ह नुसता जास्त उघडून भागत नाही. एका मर्यादेपुढे हवा पात्यांभोवती कोंडते आणि पाते द्रवाऐवजी हवाच ढवळत बसते.

दुसरी उष्णता. भांड्याची लांबी, रुंदी, उंची दहापट केली की आतला द्रव हजारपट होतो आणि भिंत फक्त शंभरपट. जोरात वाढणारे जिवाणू इतकी उष्णता सोडतात की थंड पाणी बंद पडले तर तासाभरात तापमान दहा अंशांनी चढू शकते. फ्लास्कमध्ये हा प्रश्न तुम्हाला जाणवलाच नसेल, कारण ती उष्णता काचेतून आपोआप निघून जात होती. म्हणून मोठ्या टाक्यांत बाहेरच्या जॅकेटबरोबर, म्हणजे थंड पाण्याच्या वेष्टनाबरोबर, आतही नळ्यांची वेटोळी बसवावी लागतात.

तिसरी गोष्ट ढवळणे, आणि लोक नेमकी हीच विसरतात. फ्लास्कमध्ये थेंब टाकला की तो लगेच सगळीकडे पसरतो. मोठ्या टाकीत त्याला मिनिट किंवा त्याहून जास्त लागते. साखर सोडायच्या नळीजवळ जिवाणू साखरेत बुडालेला, आणि थोड्या वेळाने टाकीच्या दुसऱ्या टोकाला तोच उपाशी. दर फेरीत त्याला दोन्ही सोसावे लागते आणि तो त्याप्रमाणे वागतो. तुमच्या वहीतला सरासरी आकडा बरोबर असेल, पण कोणताच जिवाणू सरासरीत जगत नाही.

माझा सल्ला : मोठ्या टाकीला दोष देत बसण्यापेक्षा मोठ्या टाकीत जे घडते ते लहान फर्मेंटरमध्ये मुद्दाम घडवा. साखर दोन मिनिटे द्या, दोन मिनिटे थांबवा. हवा कमी-जास्त करा. वाण तिथे टिकला तरच पुढे जा.

बॅच 'बिघडते' म्हणजे काय होते? ते लगेच कळते का? (वाचक, पत्रावर नाव नाही)

नको असलेला जंतू शिरतो. कसा शिरतो ते सांगते. टाकी, पोषणद्रव्य, सगळे पाइप १२१ अंशांच्या वाफेने निर्जंतुक करतात, हवा फिल्टरमधून घेतात. तरी एखाद्या व्हॉल्व्हच्या सीलमध्ये फट राहते, पाइपच्या एखाद्या आंधळ्या टोकाला वाफ पोहोचत नाही, किंवा फेस वर चढून बाहेर जाणाऱ्या हवेचा फिल्टर ओला करतो. फेसाला आम्ही म्हणूनच फार भ्यायचो. अँटीफोम, म्हणजे फेस मोडणारे द्रव्य, घालावे तर बुडबुडे एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि प्राणवायू कमी विरघळतो. घालू नये तर फिल्टर जातो. साइट ग्लासपाशी, म्हणजे टाकीच्या काचेच्या खिडकीपाशी, दिवा लावून फेसाकडे बघत उभा राहणारा ऑपरेटर बॅच वाचवतो, हे माझे ठाम मत आहे.

एकच जंतू शिरला तरी काय बिघडते, असे वाटेल. वीस मिनिटांत दुप्पट होणारा एक जिवाणू बारा तासांत छत्तीस वेळा दुप्पट होतो. हिशेब करून बघा, सहा हजार आठशे कोटींच्या वर जातो. आपली पेनिसिलीनची बुरशी एवढ्या वेळात जेमतेम एक-दोनदा दुप्पट झालेली असते.

कळते कसे? प्लेटवर वसाहती उगवायला एक दिवस जातो, तेवढा वेळ नसतो. आधी आलेख बोलतात. विरघळलेला प्राणवायू, ज्याला सगळे डीओ म्हणतात, तो वेळेआधी घसरतो, कारण खाणारे वाढलेले असतात. सामू नेहमीपेक्षा वेगळ्या वाटेने जातो. बाहेर पडणाऱ्या हवेचा वास बदलतो. अनुभवी माणसाला तो दारातच कळतो. मग नमुना सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचा.

एका प्रसंगी मात्र हे सगळे उलटे होते. जिवाणूंना खाणारा विषाणू, म्हणजे फेज, शिरला तर डीओ घसरत नाही, एकदम वर उसळतो. प्राणवायू वापरायला कोणी उरलेलेच नसते. पेशी फुटून त्यातली प्रथिने सुटतात, म्हणून त्याच वेळी फेस उफाळतो. सूक्ष्मदर्शकाखाली काल जिथे भरगच्च दांडके दिसत होते तिथे आज नुसता गाळ. असे झाले की ती टाकी वाफेने मारून मगच रिकामी करायची, गटारात तशीच सोडायची नाही. नाहीतर फेज आवारभर पसरतो आणि पुढच्या कित्येक बॅच खातो. चीज बनवणारे कारखाने याच भीतीने विरजणाचे वाण आलटून-पालटून वापरतात.

मी इन्सुलिन घेतो. ते जनुक बदललेल्या जिवाणूंपासून बनते असे वाचले. मग ते जिवाणू इंजेक्शनमध्ये येत असतील का? (मधुमेही वाचक)

नाही, निश्चिंत राहा. आधी इन्सुलिन डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढत. डुकराचे इन्सुलिन माणसापेक्षा एका अमिनो आम्लाने वेगळे, गायीचे तिनांनी. १९७८ मध्ये मानवी इन्सुलिनची जनुके ई. कोलाय या जिवाणूत घालून ते बनवता आले आणि १९८२ मध्ये हे औषध मंजूर झाले. काही कंपन्या यीस्टकडूनही बनवून घेतात.

ई. कोलायच्या आत हे प्रथिन घट्ट गुठळ्यांच्या रूपात साठते. पेशी फोडायच्या, गुठळ्या वेगळ्या करायच्या, विरघळवायच्या, मग प्रथिनाची घडी पुन्हा नीट बसवायची, कारण इन्सुलिनच्या ५१ अमिनो आम्लांतले तीन गंधकबंध योग्य जागीच जुळले पाहिजेत. जादा तुकडा विकराने कापायचा आणि एकामागून एक क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे मिश्रणातले रेणू वेगळे करणाऱ्या, स्तंभांतून शुद्ध करायचे. टाकीतला जिवाणू पहिल्याच टप्प्यात संपलेला असतो. फर्मेंटरचे काम काही दिवसांत उरकते. खरा खर्च आणि खरी मेहनत या शुद्धीकरणात असते.

बी-१२ जीवनसत्त्व रसायनांपासून का बनवत नाहीत? (फार्मसीचा विद्यार्थी)

बनवून झाले आहे. वुडवर्ड आणि एशेनमोझर यांच्या गटांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते पूर्णपणे प्रयोगशाळेत घडवले. सत्तरच्या आसपास पायऱ्या लागल्या. जिवाणू तेच काम टाकीत थोडे कोबाल्ट घातले की करतो. निसर्गातही हे जीवनसत्त्व फक्त सूक्ष्मजीवच बनवतात, आणि बाजारात येते ते सगळे किण्वनाचे.

वर्गात करता येईल असा, फुग्याशिवायचा एखादा प्रयोग सांगाल का? (शिक्षिका)

वजनाचा करा. फुग्याने वायू निघतो एवढेच कळते; काट्यावर रसायनशास्त्र दिसते. एका बाटलीत १५० मिलिलिटर कोमट पाणी, १० ग्रॅम साखर आणि ३ ग्रॅम कोरडे यीस्ट. दुसऱ्या बाटलीत सगळे तेच, फक्त यीस्ट नाही. पाण्याची वाफ किती जाते ते तिच्यावरून कळेल. दोन्हींच्या तोंडाला कापूस सैल लावा आणि ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर ठरावीक अंतराने वजन करा.

साखर आधी यीस्टच्याच विकराने ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटते, मग तिचे किण्वन होते. समीकरणाप्रमाणे १० ग्रॅम साखरेतून जास्तीत जास्त ५.१ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघू शकतो. एक-दोन दिवसांनी वजनातली घट याच्या जवळ आली पाहिजे, पण थोडी कमी. कमी का, हे मुलांना शोधू द्या : थोडी साखर यीस्टच्या स्वतःच्या वाढीत गेली, थोडा वायू पाण्यात विरघळून राहिला. जमल्यास तिसऱ्या बाटलीत ३० ग्रॅम साखर घालून तुलना करा.

बाटलीला घट्ट बूच कधीही लावू नका. १० ग्रॅम साखरेतून सुटणारा वायू जवळजवळ तीन लिटर जागा मागतो, आणि काचेची बाटली तो दाब धरत नाही.